घरधन्याच्या नावाचं कार्ड

मोरे गुरुजींनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, तिच्यावर बोट दाबून धरलं आणि म्हणाले, "फडतरे, हे वाचा. मोठ्याने वाचा."

अविनाश फडतरेने चिठ्ठी उचलली. "'आपल्या अलीकडच्या वाचनावरून, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतील आहाराविषयीची पुस्तके आपल्याला उपयोगी पडतील. कपाट सात, फळी तीन.'" एवढं वाचून त्याने ओठ घट्ट मिटले.

"हसा, हसा. माझं वय ब्याऐंशी. गल्लीत विचारतात, गुरुजी, डोहाळजेवण कधी."

मग गुरुजी पुढे वाकले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "पण घरात कुणी हसलं नाही. जेवताना मी ही चिठ्ठी वाचून दाखवली, गंमत म्हणून. नातसून ताटावरनं उठून गेली. आधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं. यावेळी तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं तिने मनाशी धरलं होतं. नवऱ्यालासुद्धा नाही. आता मला सांगा, तुमच्या पुस्तकांनी हे ओळखलं कसं? आणि ओळखलं तर मला कशाला सांगितलं?"

अविनाशकडे उत्तर होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती. पुस्तकं नातसुनेने वाचली होती आणि कार्ड गुरुजींच्या नावाचं होतं.

कोरेगावच्या लोकसेवा वाचनालयात तीन वर्षांपूर्वी पुस्तकांच्या शिवणीत धागे घातले होते. दिसायला साधा पांढरा दोरा, बाइंडिंगवाला वापरतो तसा. पान उलटताना कागदाला जो ताण बसतो, त्याच्यावरच हा धागा चालायचा. ना बॅटरी, ना तार. कुठलं पान किती वेळ उघडं राहिलं एवढंच तो लक्षात ठेवायचा. लोक त्याला वाचनधागा म्हणू लागले. पुस्तक परत आलं की ते काउंटरवरच्या पाटावर ठेवायचं. पाट धाग्यातली नोंद उतरवून घ्यायचा आणि कपाटामागच्या पेटीत टाकायचा. पेटी वाचनालयाची, नोंदही वाचनालयाचीच. सातारा जिल्ह्यातल्या एक्केचाळीस वाचनालयांत अशा एक्केचाळीस पेट्या होत्या आणि एकीचं दुसरीला माहीत नव्हतं.

फायदा झाला होता, नाही म्हणता येणार नाही. कुठली कादंबरी लोक साठाव्या पानावर टाकून देतात, लोणच्यांच्या पुस्तकातलं कुठलं पान आधी फाटणार, मुलांना कुठल्या गोष्टी दोनदा वाचाव्याशा वाटतात, हे पेटी सांगायची. पुस्तकखरेदी शहाणपणाने होऊ लागली होती.

आता जिल्ह्याच्या ग्रंथालय संघाला या पेट्या एकत्र जोडायच्या होत्या. साताऱ्याला एकच मोठं यंत्र ठेवायचं आणि साऱ्या वाचनालयांचं वाचन तिथे एका जागी चाळायचं. की आहे तसं ज्याचं त्याच्यापाशी राहू द्यायचं? हे ठरवायला तिघांची समिती नेमली होती: संघाचे अध्यक्ष प्रकाश बर्गे, रहिमतपूरच्या ग्रंथपाल शबाना मुल्ला आणि अविनाश. बर्गे एकत्र करा म्हणत होते, मुल्ला मॅडम नको म्हणत होत्या. अविनाशचं ठरत नव्हतं. सोमवारी अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. तोवर चाचणी म्हणून सहा वाचनालयांच्या तीन वर्षांच्या नोंदी साताऱ्याच्या यंत्रात ओतल्या होत्या, आणि गेले तीन आठवडे ते यंत्र वाचकांना चिठ्ठ्या पाठवत होतं.

गुरुजी काठी टेकत पायऱ्या उतरले. पाठोपाठ काउंटरवरच्या छापयंत्रातून आणखी एक चिठ्ठी बाहेर आली. अविनाशने सवयीने नाव पाहिलं. नाव त्याचंच होतं.

'अविनाश दत्तात्रय फडतरे. कोरेगाव सभासद क्रमांक ४. रहिमतपूर सभासद क्रमांक ८१२. आपल्या वाचनाचा वेग चौदा महिन्यांत निम्म्याने उतरला. त्याच काळात आपण एका दीर्घ विकाराविषयीची पुस्तके वारंवार वाचली. गेल्या आठ महिन्यांत आपले वाचन जवळजवळ थांबले आहे. कृपया विनाविलंब वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.'

शेवटचं वाक्य सोडून त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. वाचन थांबलं होतं हे खरं. जूनमध्ये वनिता गेली, नऊ दिवसांत सगळं आटोपलं, आणि तेव्हापासून त्याने घरी नेलेलं प्रत्येक पुस्तक पहिल्या पानावरच मिटलं होतं. बायको गेलेला ग्रंथपाल वाचत नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. पण विकाराची पुस्तकं? आणि रहिमतपूर? रहिमतपूरच्या वाचनालयात तो तपासणीला गेला होता, भाषणाला गेला होता. सभासद म्हणून कधीच नव्हता.

त्याने संघाच्या कार्यालयात सानिका जगदाळेला फोन लावला. यंत्र तीच सांभाळायची. वय सव्वीस, बोलणं नेमकं.

"चूक नाहीये, सर," सानिका म्हणाली. "नाव, जन्मतारीख, पत्ता, तिन्ही जुळतात. तुमची दोन गावांत दोन कार्डं आहेत, यंत्राने ती जोडली. वेगवेगळ्या पेट्यांना हे कधीच दिसलं नसतं."

"मी रहिमतपूरचा सभासद नाही."

"नोंदीत आहात, सर."

"बरं. ही चिठ्ठी आणखी कुणी पाहिली?"

"चिठ्ठी फक्त तुम्हाला. गोषवारा यंत्रं देणाऱ्या कंपनीला जातो. तसं करारात आहे. नावं काढून टाकतो आम्ही."

"नाव काढलं की काय उरतं?"

"गाव, वय, व्यवसाय."

"कोरेगावात सत्तावन्न वर्षांचे ग्रंथपाल किती आहेत, सानिका?"

"हा मुद्दा मी लिहून घेते, सर."

फोन ठेवल्यावर अविनाश चिठ्ठीकडे बघत बसला. यंत्राला जन्मतारीख कुणी तरी दिली होती. कुणी दिली? तीस वर्षं या धंद्यात गेल्यावर माणसाला काही गोष्टी ठाऊक असतात. सभासदांची संख्या घसरली की वाचनालयाचा ब वर्ग जातो, क पदरात पडतो आणि अनुदान कमी होतं. म्हणून तपासणीच्या आधी नोंदवहीत माणसं उगवतात. मेलेले सभासद पुन्हा वाचायला लागतात, पुण्याला गेलेले परत येतात. मुल्ला मॅडमकडे त्याची जन्मतारीख होती. समितीच्या कागदांवर सगळ्यांचीच होती.

आणि मग आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पेट्या एकत्र झाल्या की अशी दुबार नावं पहिल्या फटक्यात उघडी पडणार. बाई वाचकांच्या हक्काच्या गोष्टी करून एकत्रीकरणाला विरोध करत होत्या, त्याचं कारण हे होतं तर.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराच्या एसटीने तो रहिमतपूरला गेला.

शबाना मुल्ला नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी साताऱ्याच्या ग्रंथपालन वर्गात त्या अविनाशच्या विद्यार्थिनी होत्या. अजून त्याला बघून अर्ध्या उठायच्या.

"या सर. सोमवारच्या आधीच? माझं मत फिरवायला आला असाल तर चहा मिळणार नाही."

"आठशे बारा नंबरचा सभासद बघायला आलोय. दिसायला कसा आहे ते तरी बघावं."

शिक्का हातात तसाच राहिला.

"मॅडम, ब वर्ग टिकवायला नावं कमी पडत होती तर मला विचारायचं. मी आपल्या हाताने सही दिली असती. न विचारता माणसाला सभासद करायचं, त्याच्या नावावर भलती पुस्तकं चढवायची, आणि बैठकीत मात्र वाचकाच्या खासगीपणावर अर्धा तास बोलायचं?"

"बसा, सर."

"बसायला आलो नाही."

"तरी बसा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच अविनाशचा संशय जरा डळमळला. मुल्ला मॅडम आतल्या कपाटाकडे गेल्या, अर्जांची फाईल घेऊन आल्या आणि एक अर्ज त्याच्यासमोर धरला. कुटुंब सभासदत्व. कुटुंबप्रमुखाचे नाव: अविनाश दत्तात्रय फडतरे. जन्मतारीख बरोबर, पत्ता बरोबर, पिनकोडसुद्धा बरोबर. अक्षर गोल, ठसठशीत, 'फ'चं पोट फुगलेलं. हेच अक्षर त्याच्या घरात हळदीच्या, मोहरीच्या, ओव्याच्या डब्यावर अजून चिकटलेलं होतं.

"दर दुसऱ्या गुरुवारी यायच्या," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आलात त्याच गाडीने."

दर दुसऱ्या गुरुवारी वनिता रहिमतपूरला मावशीकडे जायची. मावशीचे गुडघे धरले होते. डबा देऊन येते म्हणायची.

"मावशी..."

"मावशींना डबा देऊनच यायच्या. खोटं नव्हत्या बोलत. मग इथं मागच्या खोलीत तासभर बसायच्या. पुस्तक एकदाही घरी नेलं नाही, कार्डावर घ्यायच्या आणि जाताना काउंटरवर परत करून जायच्या. मी म्हटलं, ताई, फोनवर बघा, नवी माहिती मिळेल. तर म्हणाल्या, फोनवर एक शब्द शोधला की संध्याकाळी घरातल्या सगळ्या पडद्यांवर त्याच्याच जाहिराती. कागद निदान तोंड उघडत नाही."

"मग माझ्या नावाने कार्ड कशाला?"

"तेच मी विचारलं. स्वतःच्या नावाने घ्या म्हटलं. म्हणाल्या, असं कुठं असतं का, घराचं कार्ड घरधन्याच्या नावानेच असतं. आणि साहेबांना कळू द्यायचं नाही, हेही त्याच दमात म्हणाल्या."

अविनाशला हसू आलं की काय, त्याचं त्यालाच कळेना. नवऱ्यापासून लपवायला निघालेली बाई नवऱ्याचंच नाव लिहून बसली होती. पण तिला हसण्यात अर्थ नव्हता. त्याच्या वाचनालयात बाराशे कार्डं होती. वाचणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आणि बायकांच्या नावाची कार्डं शंभरही नव्हती. तीस वर्षं तेच अर्ज त्याने हसतमुखाने भरून घेतले होते. सानिकाच्या यंत्राला वाटत होतं, एक कार्ड म्हणजे एक माणूस. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की इकडे एक कार्ड म्हणजे एक घर.

"काय वाचत होती ती?"

मुल्ला मॅडमनी फाईल मिटली. "ते मी सांगणार नाही. वाचकाची नोंद वाचकाशिवाय कुणाला दाखवायची नाही. तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच तासाला."

"वाचक आता नाहीये, मॅडम."

"म्हणून तर."

बाहेर बाजारपेठेत कुणी तरी ट्रॅक्टर मागे घेत होतं. तो आवाज थांबला. मग अविनाशने खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर सरकवली.

"सभासद आठशे बारा कोण आहे?"

त्या समजल्या. "हे बरं नाही, सर."

"नाव कुणाचं लिहिलंय?"

"तुमचं." त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "नियमाने मला नाही म्हणता येत नाही. पण मी इथं बसणार नाही. चहा टाकते."

नोंद लांबलचक नव्हती. तीन पुस्तकं, तिन्ही मूत्रपिंडाच्या विकारांवरची. समोर पानांचे आकडे आणि मिनिटं. डायलिसिसचं प्रकरण एकदाच उघडलं होतं, चाळीस सेकंद. तिच्या थोरल्या भावाला तिने चार वर्षं त्या यंत्राशेजारी बसून पाहिलं होतं. तिला ते वाचायची गरज नव्हती. आहाराची पानं मात्र तीन गुरुवार चालली होती. तारखा ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या. त्याच महिन्यापासून घरातली भाजी अळणी झाली होती. तुमच्या बीपीसाठी, म्हणाली होती. त्याने ताटात वरून मीठ घेतलं की ती बघत राहायची. आपल्याला राग येतो तसा तिलाही येत असेल, असं त्याला वाटायचं.

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काहीच जाणवलं नाही? वनिताने उशीवर मान हलवली होती, नाही म्हणून. अविनाशने ते खरं मानलं होतं. आठ महिने त्याच्यावरच तो जगत होता. तिलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, कुणाचाच दोष नाही.

खाली पान एकशे तेरा होतं. नऊ गुरुवार, तेच पान. शेवटच्या गुरुवारी बेचाळीस मिनिटं. त्याच्याखाली पान एकशे चौदा. शून्य.

पुस्तक मागच्या खोलीतच फळीवर होतं. त्याने ते काढलं. एकशे तेराव्या पानावर जवळच्या नातेवाइकाने मूत्रपिंड देण्याविषयीची माहिती होती आणि खालच्या परिच्छेदात, रक्तदाबाचा त्रास असलेल्या दात्याला पुढे काय काय होऊ शकतं ते एका खाली एक दिलं होतं. अविनाश बारा वर्षं रक्तदाबाची गोळी घेत होता. रोज सकाळी वनिता ती पाण्याच्या तांब्याशेजारी काढून ठेवायची.

त्याने पान उलटलं. एकशे चौदाव्या पानाची पहिलीच ओळ होती: 'तथापि, औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेल्या काही दात्यांचा विचार तज्ज्ञ करू शकतात.'

मुल्ला मॅडम चहा घेऊन आल्या तेव्हा तो तसाच उभा होता.

"तिने पुढचं पान उलटलं नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. का?"

"मला कसं कळणार, सर? पानावर बोट ठेवून बसायच्या. मला वाटायचं डोळा लागलाय."

"पुढे काय आहे ते तिला माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचंच नव्हतं? म्हणजे मी देतो म्हणेन, हे तिला..."

"धागा वेळ मोजतो," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "बाकी तो काही सांगत नाही. चहा घ्या. साखर कमी घातलीय."

परतीच्या गाडीत त्याने ती चिठ्ठी पुन्हा उघडली. वनिताचं आजारपण आणि तिच्यामागे राहिलेल्या माणसाचं न वाचणं, यंत्राने दोन्ही एकाच रेषेत ओवून एक आजारी माणूस तयार केला होता. सगळे आकडे बरोबर होते, तो माणूस तेवढा कुठेच नव्हता. तरी एक गोष्ट यंत्राला दिसली होती जी त्याला एका घरात राहून, एका ताटाशी बसून दिसली नव्हती. मॅडमवर संशय घ्यायला त्याला पाच मिनिटं पुरली होती. वनिताच्या गुरुवारांवर चौदा महिन्यांत एकदाही आला नव्हता.

सोमवारी दुपारी तीनला साताऱ्याला बैठक भरली. बर्गे आधीच येऊन बसले होते. माणूस मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नव्हता.

"या फडतरे. आमचं दोघांचं एक एक झालंय. आता तुम्ही म्हणाल ती पूर्व."

सानिकाने कागद पुढे ठेवले, पण बोलताना ती नेहमीसारखी नेमकी नव्हती. "सरांचा फोन आल्यावर मी काही चिठ्ठ्या थांबवून धरल्यात. सहा वाचनालयांत मिळून अकरा कार्डं अशी आहेत. वेग महिन्यामहिन्याने उतरतोय, आणि एकाच आजाराची पुस्तकं, बहुतेक दुसऱ्या गावात जाऊन वाचलेली. ही आजची माणसं आहेत. आत्ता वाचतायत. एकत्र ठेवायचं ठरलं तर चिठ्ठ्या उद्या जातील. स्वतंत्र ठरलं तर करारानुसार आज पाच वाजता चाचणीचं सगळं पुसावं लागेल." ती थांबली. "अकरापैकी दोन कोरेगावची आहेत."

"अकरा माणसं," बर्गे म्हणाले. "यात विचार कसला करायचा?"

"आठशे बारा नंबर माझी बायको होती," अविनाश म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं, पण एकशे चौदावं पान सोडून. सांगून झाल्यावर बर्गेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फडतरे, मग तर पहिली सही तुमची पाहिजे. दोन वर्षांपूर्वी हे यंत्र असतं तर चिठ्ठी तुमच्या हातात पडली असती. वहिनी आज..."

"दोन वर्षांपूर्वी हे यंत्र असतं, अध्यक्ष, तर त्या माझ्याकडे आल्याच नसत्या," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "कुठंच गेल्या नसत्या. जे वाचलं तेही न वाचता गेल्या असत्या."

दोन्ही खरं होतं. गेले तीन दिवस अविनाश हीच दोन वाक्यं उलटीपालटी करत होता. सकाळी एक पटायचं, संध्याकाळी दुसरं.

"पण त्यांना कळायची गरजच काय?" बर्गे सहज म्हणाले. "पेट्या जोडल्यात हे गावभर सांगत कशाला बसायचं? लोक वाचतात तसे वाचत राहतील. ज्याला चिठ्ठी जायची त्याला जाईल. त्यांच्या भल्याचंच आहे."

अविनाशने त्यांच्याकडे बघितलं. "अध्यक्ष, दिवाळीत तुम्ही माझ्याकडून इतिहासाचा जाडा ग्रंथ नेलात. ग्रंथप्रदर्शनाच्या भाषणात त्याच्यावर बोललात."

"बरं, मग?"

"तो कितव्या पानापर्यंत उघडलाय ते मला माहीत आहे."

बर्गेंचा चेहरा हळूहळू उतरला. सानिकाने मान खाली घातली.

"मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही मला ओळखता म्हणून पुस्तक निर्धास्त परत केलंत. उद्यापासून ते कोणाकोणाला माहीत असेल, ते तुम्हाला माहीत नसेल. मलाही नसेल." त्याने पेन काढलं. "आणि चिठ्ठी जाते कुणाला? जो वाचतो त्याला नाही. ज्याच्या नावाचं कार्ड आहे त्याला. मोरे गुरुजींच्या नातसुनेला विचारा."

"आणि अकरा जण?" बर्गेंचा आवाज आता मोठा नव्हता. "फडतरे, मी माझ्या पुस्तकाचं बोलत नाही. त्या अकरांचं काय?"

'स्वतंत्र' या शब्दाखाली अविनाशने सही केली.

बर्गे आणि मुल्ला मॅडम बाहेर गेले तेव्हा साडेचार वाजले होते. सानिका तिथेच रेंगाळली.

"सर, कोरेगावची दोन नावं पाचपर्यंत आहेत. तुम्हाला बघायची असतील तर मी खिडकीपाशी जाऊन उभी राहते. मी काही पाहिलं नाही."

चष्मा त्याच्या खिशात होता. रहिमतपूरला त्याने पाहिलं होतं. नाव आपलं आहे म्हणून पाहिलं होतं, आणि आता आयुष्यभर एकशे चौदावं पान त्याच्यापाशी राहणार होतं. पण ही दोन माणसं जिवंत होती. कदाचित त्यांच्याही घरी कुणी ताटात वरून मीठ घेत असेल.

"सर?"

"पूस," तो म्हणाला.

आणि पाच वाजेपर्यंत तो तिथेच बसून राहिला, दोन्ही हात टेबलावर ठेवून, स्वतःवर राखण बसल्यासारखा. यंत्राचा पडदा कोरा झाल्यावरच उठला.

मंगळवारी त्याने वाचनालय नेहमीच्या वेळेला उघडलं. पण नेहमीसारखं काही उरलं नव्हतं. पुस्तक बदलायला येणाऱ्या प्रत्येकाचा तो चेहरा न्याहाळत होता. कुणाच्या डोळ्यांखाली सूज आहे का, कुणी पायरी चढताना कठड्याला धरतं का. बाराशे कार्डं, त्यातली दोन. आणि प्रत्येक कार्डामागे तीन, चार, पाच माणसं, जी काउंटरवर कधी आलीच नव्हती. पुस्तकं न्यायला घरातला पुरुष यायचा, कामावरून जाता जाता. त्याला तीस वर्षं हेच सोयीचं वाटत आलं होतं.

साडेदहाच्या सुमारास दूध संघातले संपत घोरपडे आले. पिशवीतून त्यांनी एक बारीक पुस्तक काढून पाटावर ठेवलं. प्रवासवर्णन, नव्वद पानांचं. एकोणतीस दिवसांनी परत आलं होतं. पेटीने स्वतःपुरतं जेवढं कळत होतं तेवढं दाखवलं: एका बैठकीला तीन पानं. मग दोन. शेवटच्या आठवड्यात रोज एक.

वय झालं असेल, डोळे गेले असतील, घरात लग्न असेल. शंभर कारणं असू शकतात. अविनाशने पुस्तक उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"संपतराव, हे घरी कोण वाचतं?"

"कोण म्हणजे? कार्ड माझंच आहे की."

"कार्ड तुमचं आहे. वाचतं कोण?"

घोरपड्यांनी पिशवीचे बंद मुठीत गोळा केले. त्यांनी आधी पाटाकडे बघितलं, मग पुस्तकाच्या शिवणीकडे, मग अविनाशकडे. ओळखीचं हसू चेहऱ्यावरून उतरून गेलं होतं.

"का?" ते म्हणाले. "तुम्हाला काय कळलंय?"